सुई लावली की पसरते

आमच्या खामगावात (आणि खरं सांगायचं तर पुण्यातल्या माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्येसुद्धा) एक वाक्य नेहमी ऐकू येतं. "गाठीला सुई लावू नका हो, सुई लावली की पसरते." बोलणारी माणसं अडाणी नसतात. शिक्षक असतात, बँकेतले असतात, आणि आमच्या कँटीनमध्ये तर चक्क टीम लीड असतात. गाठ नेमकी कुठे आहे हे मात्र कोणी सांगत नाही. "छातीत गाठ आहे" म्हणतात, आणि पुरुष मंडळी समोर असली तर नुसतंच "गाठ आहे". स्तन हा शब्द आमच्याकडे जीवशास्त्राच्या पुस्तकाबाहेर फारसा पडत नाही.

गेले दोन-तीन विकांत मी या एका वाक्याच्या मागे लागले होते. ते आलं कुठून? तर मंडळी, ते आजीबाईच्या बटव्यातून आलेलं नाही. ते थेट ऑपरेशन थिएटरमधून आलंय. एकेकाळी मोठमोठे सर्जन अगदी हेच म्हणायचे, आणि त्यांच्याकडे त्याचं कारणही होतं.

कारण समजायला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जावं लागतं. तिथल्या विल्यम हाल्स्टेड या सर्जननं १८९४ साली पन्नास रुग्णांवर केलेल्या शस्त्रक्रियेचा अहवाल छापला. शस्त्रक्रिया म्हणजे पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र कापून काढायचं. वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळात त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण त्याच्या रुग्णांत इतरांपेक्षा खूपच कमी होतं. साहजिकच जगानं ते उचललं आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं सोडलं नाही.

यामागची समजूत साधी होती. कपड्यावर पडलेला तेलाचा डाग जसा मधून कडेकडे सरकतो, तसा कॅन्सर सरकतो. मग डागाच्या बराच बाहेरून कापलं की काम झालं. पण डाग मधेच फोडला तर? म्हणजे गाठीला सुरी किंवा सुई लावून नमुना घेतला, तर आतलं बाहेर येणार आणि सगळी मेहनत वाया जाणार. हाल्स्टेडचं गणित मान्य केलं की सुईची भीती आपोआप मान्य करावी लागते. खामगावात आज जे ऐकू येतं ते त्या गणिताचं उरलेलं शेपूट आहे.

आता अडचण अशी की गाठ कॅन्सरची आहे की साधी, हे बघितल्याशिवाय कळत नाही. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्याच असतात. यावर तोडगा निघाला तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, आणि ती गोष्ट मला फार आवडते. पेशंट टेबलावर असतानाच गाठ कसली आहे ते सांगायची काही सोय करा, असं विल्यम मेयोनं लुई विल्सन या पॅथॉलॉजिस्टला सांगितलं होतं. १९०५ चा जानेवारी, मिनेसोटाची थंडी. विल्सननं मांसाचा तुकडा खिडकीबाहेर ठेवला, तो गोठून कडक झाला, मग त्याचा पातळ काप काढून निळ्या रंगात बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काही मिनिटांत उत्तर! यालाच फ्रोझन सेक्शन म्हणतात. आज त्याची रीतसर मशीनं आहेत, पण सुरुवात खिडकीच्या कट्ट्यावर झाली.

कल्पना भारीच होती, पण तिचा वापर कसा झाला ते बघा. बाई आदल्या दिवशी कागदावर सही करायची. दुसऱ्या दिवशी भूल, गाठ बाहेर, तुकडा शेजारच्या खोलीत, दहा-वीस मिनिटांत निरोप. साधी गाठ असेल तर टाके घालून मोकळं. कॅन्सर असेल तर त्याच भुलेत लगेच संपूर्ण हाल्स्टेड. म्हणजे झोपी जाताना बाईला आपल्याला काय झालंय ते माहीत नसायचं, आणि जाग आल्यावर ती आधी हातानं छातीवरची पट्टी चाचपायची. निदान तिला डॉक्टरांच्या तोंडून नाही, पट्टीच्या आकारावरून कळायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट आणि डिप्लॉय एकाच कमांडमध्ये, मधे रिव्ह्यू नाही, आणि रोलबॅकचा तर प्रश्नच नाही.

सर्जन दुष्ट होते असं अजिबात नाही. भूल दोनदा देणं तेव्हा आजच्यापेक्षा जोखमीचं होतं, आणि गाठ उघडून ठेवून दिवस घालवले तर ती पसरेल ही भीती होतीच. शिवाय एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रिया एकच होती. निवडायला दुसरं काही नसेल तर बाईला आधी सांगून तिनं ठरवायचं तरी काय, असा तो विचार. चुकीचा, पण आतून सुसंगत.

हे किती अलीकडेपर्यंत चाललं? १९७४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड हिचं ऑपरेशन याच पद्धतीनं झालं. आणि त्याच वर्षी रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईला गाठ लागली. तिनं हट्ट धरला, फक्त नमुना घ्या, मला उठवा, मग मी ठरवीन. एकामागून एक सर्जननी तिला नकार दिला. शेवटी एक तयार झाला. तिनं त्यावर पुस्तक लिहिलं, परिषदांमध्ये उभं राहून डॉक्टरांशी भांडली, आणि १९७९ साली अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची बैठक बोलावली तेव्हा त्या मंडळात डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ नसलेली ती एकटीच होती. मंडळानं सांगितलं, निदान आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवा. बस्स, एवढंच वाक्य. पण त्यानं बाईला मधले चार दिवस मिळाले.

आता सुईकडे येऊ. कारण तोपर्यंत सुई पन्नास वर्षं पडून होती!

१९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले सर्जन हेज मार्टिन आणि त्यांचे प्रयोगशाळेतले सहकारी एडवर्ड एलिस यांनी लेख लिहिला. गाठीत जाडसर सुई घालायची, सिरिंजनं ओढायचं, जे येईल ते काचेवर पसरून बघायचं. पद्धत चालत होती, पण तिथल्या बहुतेक डॉक्टरांना पटली नाही. सुटे चार कण बघून निदान करायचं हे पॅथॉलॉजिस्टना रुचेना, आणि पसरण्याची भीती सर्जनना सोडेना. मग ती फुलली कुठे, तर स्वीडनमध्ये. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये फ्रान्झेन आणि झायचेक या दोघांनी बारीक सुई वापरली, साधारण रक्त काढायच्या सुईइतकी किंवा त्याहून बारीक. १९६८ साली त्यांनी स्तनाच्या ३४७९ तपासण्यांचा हिशोब मांडला. भूल नाही, टाका नाही, बाई चालत आली आणि चालत गेली.

आपल्याकडे याला सगळे एफ.एन.ए.सी. म्हणतात. बाजार समितीच्या आवारात धान्याच्या पोत्यात खुपसायची टोकदार पन्हळी असते ना, परखी, तिच्यासारखंच हे. पोतं न उसवता व्यापारी मूठभर दाणे बाहेर काढतो आणि तळहातावर घेऊन भाव सांगतो. एका खामगावकर मुलीला यापेक्षा चांगली उपमा सुचणं शक्य नाही :) शितावरून भाताची परीक्षा आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोच, इथे शितं वाचणारा डोळा तयार हवा इतकंच.

आणि तो डोळा तयार करण्याचं काम मुंबईत आधीच सुरू झालं होतं. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. दोराबजी टाटांची पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टनं हे उभं केलं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. त्यांच्या हाताखाली पुण्याची एक मुलगी आली, कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे. १९४९ ला पीएच.डी., नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. (होय, तेच जॉन्स हॉपकिन्स, आणि हेला पेशी वाढवणारे तेच गाय.) परत येऊन त्यांनी मुंबईत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर वर्षानुवर्षं काम केलं. आनुवंशिकता, हॉर्मोन आणि विषाणू यांचा त्याच्याशी काय संबंध, हा त्यांचा प्रश्न होता. १९८२ साली पद्मभूषण. २०२१ मध्ये गूगलनं त्यांच्या वाढदिवशी डूडल केलं तेव्हा आमच्या ऑफिसात तीनच जणांना नाव माहीत होतं. असो.

परळ आणि खामगाव यांच्यामध्ये मात्र एक आख्खी रात्र आहे. जलंबला किंवा शेगावला गाडी पकडायची, सकाळी दादरला उतरायचं, हा कित्येक वऱ्हाडी घरांना पाठ असलेला प्रवास. मुंबई नको असेल तर उलट दिशेला नागपूर. तिथल्या प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे, आणि महाराज स्वतः १९६८ साली कॅन्सरनंच गेले हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतं. बारीक सुईनं या अंतरावर एक छान तोड काढली. पेशंटला हलवायचं कारण नाही, काच हलवली की झालं. एक सिरिंज, दोन काचा, थोडं रसायन. बाई गावात, काचा अकोल्याला.

माझ्या मावशीच्या काचा अशाच गेल्या. एस.टी.नं, मामाच्या पिशवीत, डब्याच्या शेजारी. वर्ष २००६, मावशी छप्पन्नची. गाठ तिला दिवाळीच्या आधीच लागली होती, ती बोलली उन्हाळ्यात. सात महिने! मी फोनवर ओरडलेच, "मावशी, अगं सांगितलं का नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "सुई लावली का पसरते म्हने. म्हटलं पोरीचं लग्न होऊन जाऊ दे." शेजारच्या काकूंना सुई लावली आणि वर्षभरात त्या गेल्या, हा तिचा पुरावा. काकू डॉक्टरकडे गेल्या तेव्हाच गाठ फुटायच्या बेतात होती, हा भाग त्या पुराव्यात नव्हता. घटना बी ही घटना ए नंतर घडली म्हणून ए मुळे घडली, असं लॉग वाचताना आपणही करतोच की.

पण मावशीचा संशय सरळ झटकून टाकावा असाही नव्हता, आणि इथे मला वाचताना खरी मजा आली. सुई लावल्यावर पेशी खरंच हलतात. १९९९ साली छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात जाड सुईनं नमुना घेतलेल्या ३५२ गाठी नंतर काढून तपासल्या, तर ३२ टक्क्यांत सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सरकलेल्या दिसल्या. बापरे ना? पण थांबा. नमुना आणि ऑपरेशन यांच्यात १५ दिवसांहून कमी अंतर असेल तर हे प्रमाण ४२ टक्के, आणि २८ दिवसांहून जास्त असेल तर १५ टक्के. पेशी तिथे रुजत असत्या तर जास्त दिवसांनी जास्त दिसायला हव्या होत्या. दिसल्या कमी. म्हणजे सरकलेल्या पेशी बहुतेक तिथेच मरतात. वाळूत पडलेलं बी. शिवाय पुढे बहुतेक वेळा ऑपरेशन आणि रेडिएशन असतंच. सुईमुळे आयुष्य कमी होतं असं काही दिसलेलं नाही. सात महिन्यांमुळे मात्र होतं.

मावशीला त्याची किंमत मोजावी लागली. गाठ इतकी वाढली होती की स्तन वाचवणारं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलंच नाही. ती आज पंचाहत्तरी ओलांडून ठणठणीत आहे, दर गुरुवारी शेगावला जाते. पण रिपोर्ट यायला लागले ते चार दिवस तिनं कसे वापरले ते मी विसरत नाही. मुलीला बोलावून घेतलं, बँकेच्या पासबुकावर मामाचं नाव घातलं, डॉक्टरांना विचारायचे अकरा प्रश्न कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. पन्नास वर्षांपूर्वी, थेट टेबलावर झोपली असती तर हे अकरा प्रश्न कोणाला विचारले असते?

स्तन वाचवणारं ऑपरेशन हा शब्द वर आला, त्याबद्दल थोडं सांगायला हवं. तेलाच्या डागाचं गणित मोडलं ते दोन माणसांनी, अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशरनं आणि मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसीनं. फिशरचं म्हणणं, कॅन्सरच्या पेशी रक्तातून लवकरच इकडेतिकडे जाऊ शकतात, त्यामुळे आजूबाजूचं कितीही मोठं कापलं तरी त्यानं आयुष्य वाढत नाही. म्हणून कोणाला कोणतं ऑपरेशन हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि वर्षानुवर्षं मोजत राहायचं. सर्जन भडकले. वेरोनेसीचे निकाल १९८१ ला आले, फिशरचे १९८५ ला, आणि वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे दोघांचेही २००२ मध्ये. फक्त गाठ काढून रेडिएशन द्या नाहीतर सगळा स्तन काढा, जगणाऱ्या बायकांचं प्रमाण सारखंच. आणि जिथे दोन पर्याय आले तिथे आधी निदान हवं, मग विचार, मग सही. सुईला खरा मान मिळाला तो यानंतर.

बारीक सुईच्या मर्यादाही तेव्हाच दिसू लागल्या. परखीतून दाणे येतात, पण ते पोत्यात कसे रचले होते ते कळत नाही. पेशी कॅन्सरच्या आहेत हे कळतं, त्या दुधाच्या नळीच्या आतच आहेत की भिंत फोडून बाहेर आल्यात हे कळत नाही. त्यासाठी टरबूजवाल्याची युक्ती लागते. तो टरबुजाला त्रिकोणी चीर मारतो आणि फोड बाहेर काढून दाखवतो. साल, पांढरं, लाल, सगळं जागच्या जागी. कोअर बायोप्सी म्हणजे हेच. १९८० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालाच्या लिंडग्रेन या रेडिओलॉजिस्टनं स्प्रिंगवर चालणारी बायोप्सी गन आणली. दोन मिलिमीटर जाडीची पोकळ सुई, खटका दाबला की आत जाऊन जेमतेम दोन सेंटीमीटरची बारीक शेवई घेऊन परत. आवाज स्टेपलरसारखा. १९९० मध्ये डेन्व्हरच्या स्टीव्ह पार्करनं ती एक्स-रेच्या मार्गदर्शनाखाली स्तनासाठी वापरून दाखवली. औषध ठरवायला हॉर्मोनचे रिसेप्टर, हर-टू वगैरे तपासायचे तर ही शेवईच बरी पडते. म्हणून आज जिथे सोय आहे तिथे डॉक्टर बारीक सुईऐवजी कोअरच सुचवतात.

मॅमोग्राफीत दिसणारे आणि हाताला न लागणारे पांढरे कण हा आणखी वेगळा पेच. दिसतं पण सापडत नाही. त्यावरचा उपाय इंजिनियर मंडळींना आवडेल. १९७७ मध्ये स्वीडनच्याच बोल्मग्रेन आणि नॉर्डेनस्ट्रॉम यांनी असं यंत्र दाखवलं की दोन वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे काढायचे, तो कण दोन चित्रांत किती सरकला ते मोजायचं आणि त्यावरून खोली काढायची. शाळेतली त्रिकोणमिती, बाकी काही नाही. सुई बरोब्बर तिथेच.

१९९५ च्या सुमारास पार्कर आणि फ्रेड बरबँक यांनी सुईला व्हॅक्यूम जोडला. सुई एकदाच आत जाते, बाजूच्या खिडकीतून मांस ओढून घेते, आतलं पातं फिरून ते कापतं आणि तुकडा बाहेर येतो. सुई तिथेच फिरवायची आणि पुढचा तुकडा. आता तुमच्या डोक्यात आलंच असेल, की असं फिरवत राहिलं तर गाठच संपेल. अगदी तेच झालं! तीन-चार मिलिमीटर जाडीची सुई, सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर, जागेवरच बधिर करायचं इंजेक्शन, आणि साधारण दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतची साधी गाठ तुकड्यातुकड्यानं बाहेर. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेनं २००६ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. गाठ साधी असल्याची खात्री आधी करून घ्यायची असते, आणि काढलेले तुकडे तरीही पॅथॉलॉजिस्टकडे जातातच.

मुंबई-पुण्यात हे होतं. खामगावच्या बाईला अजून अकोला नाहीतर नागपूर, आणि ती व्हॅक्यूमची सुई एकदाच वापरायची असल्यानं खर्च बराच. तरी मला वाटतं आमच्या भागाला आधी व्हॅक्यूम नकोय, आधी कोणीतरी गाठ वेळेवर चाचपायला हवी. टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर हाच प्रयोग केला. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासायच्या. वीस वर्षांचे निकाल २०२१ मध्ये आले. सगळ्या वयांचे मिळून मृत्यू कमी झाल्याचं ठामपणे सांगता येईना, पण पन्नाशीपुढच्या बायकांत ते जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. यंत्र कुठलंच नाही. पण हाताला गाठ लागल्यावर पुढची पायरी सुईचीच, आणि तिथेच "पसरते म्हने" आडवं येतं.

तरुण मुलींच्या बाबतीत नेमकं उलटं चाललंय. विशी-पंचविशीतली बहुतेक गाठ फायब्रोअ‍ॅडिनोमा, साधी, इकडून तिकडे सरकणारी. कोअरनं खात्री झाली की डॉक्टर म्हणतात राहू दे, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. आई म्हणते स्थळं बघायला सुरुवात केलीय, आत्ताच काढून टाका, आणि हो, व्रण दिसायला नको. पूर्वी व्रणाच्या भीतीनं निदान थांबायचे तरी. आता चार मिलिमीटरची चीर म्हटल्यावर नको असलेलं ऑपरेशनसुद्धा पटकन ठरतं. ओळखीतल्या अशा दोन मुलींना विचारलं, गाठ काढायची कोणी ठरवली? दोघींनीही आईचं नाव घेतलं.